हवेचं खातं

मिरजेत मंडळाची पाटी लागली,
'पाइप ऑर्गन वादक मंडळ',
आणि पहिल्याच आठवड्यात आरगचा एक द्राक्षबागायतदार आला.
अडीच इंची काय फुटानं?
मग एक बाई, नवऱ्याचे रिपोर्ट पिशवीत घेऊन.
मूत्रपिंडासाठी नाव इथंच नोंदवायचं का?
रूथबाई चांदेकर अध्यक्ष, जुन्या मेट्रन.
त्यांनी बाईला चहा पाजला
आणि स्वतः हॉस्पिटलात घेऊन गेल्या.
त्या दिवशीची सभा कोरमअभावी तहकूब.

बाजा एकच. चर्चच्या उत्तर भिंतीला
दोनशे सोळा नळ्या, त्यातल्या एकोणीस मुक्या.
बोटीतून आला, पुढं बैलगाडीतून, असं सांगतात.
सांगणारे तेव्हा जन्मलेले नव्हते.

टेंगसे नाटक कंपनीत पायपेटीवर होते,
अजून सूर धरण्याआधी विंगेकडं बघतात.
विंगेत झाडू आणि दोन मोडक्या खुर्च्या.
केतकी मगदूमचे पाय पायपट्ट्यांना पोचत नाहीत,
ती भावाचे बूट घालून बसते, दोन नंबर मोठे.
इस्माईलभाई सतारमेकर
'आम्ही भोपळ्याची माणसं' म्हणत शिडी चढतात,
नळीच्या ओठाशी कान नेतात.
"कुंभारमाशीनं गंधारात घर केलंय.
पिल्लं उडू देत, मग बघू."
तीन रविवार सगळी गीतं
सारंगाकडं झुकत राहिली.

वार्षिक सहल: वाईच्या वर, घाटातल्या एका गावी,
दुसरा बाजा बघायला. चर्चला कुलूप.
किल्लीवाला साताऱ्याला, कोर्टाच्या तारखेला.
खिडकीच्या फुटक्या काचेतून
आळीपाळीनं एकेका डोळ्यानं पाहिला.
अहवालात मी लिहिलं, सहल यशस्वी.

मी खजिनदार. बँकेतून निवृत्त.
दोन बोटांनी एक गीत येतं,
तेवढ्यावर वादक.

आणि यल्लाप्पा कोरवी.
आठवडाभर हॉस्पिटलच्या लिफ्टवर, रविवारी भात्यावर.
मोटर जळाली त्या साली तात्पुरता बोलावला होता,
त्याला अकरा वर्षं झाली.
बाजामागच्या बोळकांडीत उभं राहून दांडा वर, दांडा खाली.
माझ्या वहीत त्याची दर महिन्याला एक ओळ:
हवा, ऐंशी रुपये.

मार्चच्या सभेत हिशेब वाचून झाला
तेव्हा तो मागून आला, हात पुसत.
टेबलावर पाचशेची नोट ठेवली.
"वर्गणी. पावती करा."
टेंगसे घसा खाकरून म्हणाले,
घटनेत 'वादक' असा शब्द आहे.
रूथबाई चष्मा पुसत बसल्या, बराच वेळ.
मी माझी दोन बोटं टेबलाखाली घेतली.
"मग वाजवतो की," यल्लाप्पा म्हणाला,
आणि चपला काढून बाकावर जाऊन बसला.

सगळे एकमेकांकडं बघायला लागले.
हवा कोण देणार?

मी गेलो.
बोळकांडीत घामाचा आणि उंदरांचा वास.
भिंतीवर दोरी, दोरीला शिशाचा गोळा.
भाता भरला की गोळा खाली येतो,
हवा सरली की वर चढतो,
आणि पेन्सिलीच्या रेघेशी पोचला की सूर मरतो.
एवढं मला ऐकून माहीत होतं.
रेघेच्या बाजूला त्याच्या अक्षरात, खाली खाली उतरत गेलेलं,
ते माहीत नव्हतं:
गीत ४३, दोनशे दहा.
गीत ११२, एकशे साठ, शेवटी जोरात.
मयताचं, मोजू नये.

त्यानं एकच पट्टी दाबली, डावीकडची शेवटची.
भिंत थरथरली, माझे दात थरथरले,
बाहेर केतकी हसली आणि मग हसायची थांबली.
मी दांडा ओढत होतो, बावीस, तेवीस,
गोळा तरी वरच चढत होता.
सोड आता, म्हणायचं होतं,
पण छातीत तेवढी हवा उरली नव्हती.

तो सोडत नव्हता.